उपग्रहाला पाणंद दिसत नाही

गेल्या पावसाळ्यात पुण्याकडून आमच्या बैठकीला निघालेली एक गाडी कंधार आणि मुखेडच्या मधल्या एका शिवारात आसापर्यंत रुतली. फोनमधल्या बाईने सांगितले, पुढे डावीकडे वळा, सात किलोमीटर वाचतील. डावीकडे रस्ता होता, नाही असे नाही. पण तो पाणंद रस्ता. काळ्या मातीच्या त्या वाटेवरून मृगापासून दिवाळीपर्यंत बैलगाडीसुद्धा जपून न्यावी लागते. शेवटी एका शेतकऱ्याने सोयाबीनची फवारणी अर्धी टाकून ट्रॅक्टर आणला, गाडी ओढून काढली आणि एवढेच म्हणाला, "फाट्यावर टपरी हाय की. इचारायचं नाही का वो?"

बैठकीत यावर बरीच थट्टा झाली. आम्हीही हसलो. पण हसण्यावारी नेण्याइतकी ही गोष्ट लहान नाही.

उपग्रहाला वरून रस्ता दिसतो असा पुष्कळांचा समज आहे. तसे काही नाही. अमेरिकेच्या लष्कराने उभारलेले जीपीएसचे उपग्रह असोत, की इस्रोने २०१६ साली सातवा उपग्रह सोडून पुरी केलेली आपली 'नाविक' मालिका असो, हे उपग्रह वेळेचे संदेश सोडत राहतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पकडून फोन हिशेब करतो आणि आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे उभे आहोत तेवढे ठरवतो. उपग्रहाचे काम तेथे संपले. पुढचा रस्ता डांबरी की मातीचा, नाल्यावर पूल की नुसती फरशी, फरशीवर पाणी किती, हे कोणीतरी नकाशात भरावे लागते. शहरात ते भरले जाते, कारण तेथे लाखो फोन रस्त्यावरून फिरतात आणि त्यांच्या चालीवरून कंपनीला कळते की गाडी कोठे अडली. जळकोट-मुखेडच्या एखाद्या तांड्याच्या वाटेवर फिरणारे फोन ते किती? तेथे चूक झाली तरी ती दुरुस्त करणारा कोणी नाही. नकाशा मात्र दोन्हीकडे सारख्याच ठामपणे बोलतो.

त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेल्या एका गाडीला नकाशाने कोतूळच्या पुलाचा जवळचा रस्ता दाखवला. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली तो पूल दरवर्षी काही महिने जातो, हे त्या भागातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. रात्रीची वेळ. दोघे पोहून वाचले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. त्या पुलाचा एक भाग पुराने आधीच नेलेला होता. नकाशात पूल अखंड होता.

आमच्या दोन जिल्ह्यांत अशा जागा थोड्या नाहीत. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्या उन्हाळ्यात पाहिल्या तर कोणाला भीती वाटणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्रीच्या पावसाने लेंडीचे पाणी हसनाळ, रावणगावात शिरले. माणसे गेली, दावणीची जनावरे गेली. त्याच वेळी मुखेड-उदगीर भागात धडकनाळजवळ एक मोटार आणि एक रिक्षा पुरात वाहून गेली. मोटारीतली माणसे तेलंगणातली, परमुलखातली. त्या अपघाताचा दोष आम्ही नकाशावर टाकत नाही. पण कोणता नाला किती पावसाने चढतो हे गावच्या माणसाला कळते, परक्याला कळत नाही, आणि परक्याला सांगणारा एक साधा फलकसुद्धा आमच्या बहुतेक पुलांवर नाही.

नावांचा घोळ वेगळाच. बोरगाव, पिंपळगाव, वडगाव प्रत्येक तालुक्यात. खुर्द आणि बुद्रुक यांच्यात मधे नदी असते, आणि फोनवर नाव टाकणारा खुर्द-बुद्रुक टाकतच नाही. किल्लारीकडची गोष्ट तर जगावेगळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे पुरती उठवून नव्या जागी बसवली. नाव तेच, जागा दुसरी. घर नव्या गावात आणि शेत जुन्या गावाच्या शिवारात, अशी त्या भागातल्या कित्येकांची तीस वर्षे पायपीट चालू आहे. पाहुण्याला पत्ता सांगताना ते 'जुनं' की 'नवं' हे आधी सांगतात. यंत्राला हे कोणी सांगायचे?

आता कोणी म्हणेल, शेतकरी चळवळीला नवे तंत्रज्ञान नको आहे. तसे मुळीच नाही. बियाणे असो की यंत्र, तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे ही आमची जुनीच मागणी आहे. फोनवर बाजारभाव पाहणारी, पंजाबातून मळणीयंत्रे बोलावणारी पोरे आमचीच आहेत. नकाशाही त्यांनी जरूर वापरावा. आमचा राग वेगळ्या ठिकाणी आहे.

नकाशात आमची वाट चुकीची आहे, कारण सरकारच्या दप्तरातही ती धड नाही. नकाशा इंडियाचा आणि वाट भारताची, असा हा प्रकार आहे. बांधावरून वहिवाट मागण्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, आणि दोन्हीखाली तहसीलच्या पायऱ्या झिजवणारे शेतकरी प्रत्येक तालुक्यात आहेत. शेतरस्ता किमान तीन मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी, हे सरकारला सुचायला २०२५ साल उजाडले. चला, सुचले तरी. आता नोंदी कागदावर किती चढतात ते पाहू.

रस्त्यासाठी पैसा नाही ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकताना रस्त्याच्या नावाचा उपकर शेतकरी लिटरमागे भरतोच. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापली जाते तीही त्याच्याच खिशातून. पाणंदीत ट्रॉली रुतली आणि ऊस फडातच वाळला तर घटलेले वजन कोणाचे? त्याचेच. आणि रात्री बाळंतीण अडली, १०८ ला फोन लावला, आणि परगावच्या चालकाला नकाशाने पलीकडच्या खुर्दात नेऊन सोडले, तर त्या घटकाभराचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

तेव्हा मागणी करायची ती अशी, की पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना फलक आणि खोली दाखवणारा खांब बांधकाम खात्याने लावावा, आणि रस्ता बंद केल्याचा तहसीलदारांचा आदेश पुढाऱ्यांच्या फोनवर फिरतो तसाच नकाशा चालवणाऱ्या कंपन्यांकडेही त्याच तासाला जावा. तोवर आपण हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक गावाने आपल्या शिवारातल्या बुडणाऱ्या पुलांची आणि फक्त उन्हाळ्यात चालणाऱ्या वाटांची यादी करावी, तांडे आणि वाड्या धरून. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून ती पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. नकाशात चूक कळवण्याची सोय असते. ते काम गावातली कॉलेजची पोरे एका दुपारी करतील.

आणि आमच्याकडून एक सुधारणा याच अंकापासून. बैठकीच्या ठिकाणाखाली यापुढे फाट्याचे नाव, तेथून किती किलोमीटर डांबरी आणि किती कच्चा, वाटेत कोणता नाला लागतो आणि पाऊस असेल तर कोणत्या गावावरून वळसा घालायचा, हे छापले जाईल. रुतलेल्या गाडीचे पुणेकर पाहुणे पुन्हा येणार आहेत. या वेळी त्यांना एसटीने बोलावले आहे.