बाबुन्याचे बी विकणारे पुष्कळ, फूल घेणारा कोण?



कॅमोमाईल नावाच्या औषधी फुलाची विचारपूस हल्ली बैठकांतून होऊ लागली आहे. कपाशीने पाठ मोडली, ज्वारीत खर्च निघत नाही, मग हे फूल लावून बघावे काय, असा प्रश्न असतो. आम्ही कुपवाडच्या बाजूची माणसे, औषधी मालाचा बाजार उंबऱ्याशी पाहिलेली. आमचे म्हणणे असे, की फूल खरे आहे, गुण खरा आहे; पण कोरडवाहू रानाचे ते पीक नव्हे. आणि बी देणाराच फूल विकत घेणार असेल, तर चार हात लांब राहिलेले बरे.

हे फूल काही आभाळातून पडलेले नाही. युनानी हकीम त्याला बाबूना म्हणतात. पोटातला मुरडा, झोप न लागणे यावर युरोपात घरोघर त्याचा काढा घेतात. फुलातून निळे तेल निघते, ते औषधाला आणि अत्तराला जाते. (झाड गाजरगवताच्या कुळातले. गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी हा काढा जपून घ्यावा.)

आता हिशेब. रब्बीचे पीक, थंडी हवी, आणि पाणी पाळीने द्यावे लागते. शाळूसारखे जमिनीतल्या ओलीवर ते निघत नाही. विकायचे ते फक्त फूल, आणि सगळी फुले एकदम येत नाहीत; आठ-दहा दिवसांनी पुन्हा तोडणी. कापूस वेचणाऱ्या मायबहिणींना सांगायला नको: एका बोंडाने हाताला काही ग्रॅम तरी लागतात, इथे एका किलोला हजारो फुले. ती सावलीत वाळवली की पाच किलोचा जेमतेम एक किलो उरतो. ओल राहिली तर बुरशी, मग भाव शून्य. मजुरी कोणत्या भावाने धरली, हे जाहिरातीच्या कागदावर कधी लिहिलेले नसते.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. हे झाड खारवट जमीन सोसते. उत्तर प्रदेशात उसर रानात ते घेतात, लखनौच्या सीमॅप संस्थेने त्यावर काम केले आहे. म्हणजे कृष्णाकाठी पाणी पाजून पाजून ज्यांची जमीन क्षारपड झाली, त्यांनी दोन गुंठ्यांत करून बघायला हरकत नाही. जतच्या माळावर, जिथे प्यायला टँकर लागतो, तिथे हे सांगणे म्हणजे थट्टा.

खरा धोका पिकात नाही, करारात आहे. २००० नंतर विदर्भ-खानदेशात सफेद मुसळीची लाट आली. बेणे शेकड्यांच्या भावाने विकले गेले. पहिल्यांनी दुसऱ्यांना बेणे विकले, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना; औषधासाठी वाळलेली मुळी घेणारा शोधायची पाळी आली तेव्हा भाव कोसळलेला. २०१९ साली आमच्याच जिल्ह्यात इस्लामपूरला कडकनाथ कोंबडीचे तेच झाले. पिल्ले आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच घेतो, म्हणून पैसे घेतले आणि राज्यभरातले शेतकरी बुडाले. अशा व्यवहारात धंदा बियाण्याचा आणि पिल्लांचा असतो, मालाचा नसतो. एकच घेणारा असला की काय होते, हे कापूसवाल्यांना एकाधिकार खरेदीने पुरेसे शिकवले आहे. तिथे निदान समोर सरकार होते, मोर्चा तरी नेता येत होता. कंपनीने रातोरात फलक उतरवला तर मोर्चा कुठे न्यायचा?

उलट सांगलीची हळद बघा. तीही औषधीच. जखम भरण्याच्या तिच्या गुणावर अमेरिकेने १९९५ साली पेटंट देऊन टाकले होते, ते भारताच्या हरकतीवरून १९९७ साली रद्द झाले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हळदवाल्याला आधार पेटंटाचा नाही, मानांकनाचाही नाही. आधार सौद्याचा आहे. यार्डात दहा खरेदीदार माल फोडून बघतात आणि बोली लावतात. पूर्वी हरिपूरच्या पेवांत, आता शीतगृहात माल ठेवून भावाची वाट बघता येते. अडत, तोलाई यांच्या तक्रारी आहेत आणि त्या आम्ही मांडतोच, पण तिथे भाव कानाला ऐकू येतो. बाबुन्याचा भाव सांगलीत कुठल्या सौद्यात निघतो? तो माल दिल्लीच्या खारी बावलीत नाहीतर एखाद्या निर्यातदाराच्या गोदामात जाणार, आणि तिथला भाव आपल्याला कळणार तो करारवाल्याच्याच तोंडून.

सरकारने २००० साली औषधी वनस्पती मंडळ काढले. लागवडीच्या अनुदानाचे नाव काढताच जे हुरळतात त्यांना एवढेच विचारायचे, की अनुदानाने रोप लागेल, फूल कोण घेईल?

ज्यांच्याकडे असा करार आला असेल त्यांनी सही करण्यापूर्वी तो जिल्हा बैठकीला घेऊन यावे. किलोचा भाव आकड्यात लिहिला आहे काय, माल नाकारण्याचा अधिकार कोणाचा, ओल कोण मोजणार आणि उचल न झाल्यास भरपाई किती, हे सगळ्यांसमक्ष वाचू. बियाण्याचे पैसे मात्र तोवर कोणी भरू नयेत.