विश्लेषण : वादळाचा इशारा देवबागला पोहोचतो, पुढे काय?

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातला धडकले. मालवणला त्याची फक्त बाजू लागली. तेवढ्यानेही झाडे उन्मळली, छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले. इशारा आधीच मिळाला होता. पण वीज गेली, पाठोपाठ मोबाइल बंद पडले आणि अनेक गावांचा संपर्क तुटला. मग उणीव नेमकी कुठे आहे?

इशारा कसा येतो?

वादळाचा मार्ग भारतीय हवामान विभाग सांगतो, तर समुद्रातील लाटांचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. हा इशारा राज्याच्या नियंत्रण कक्षामार्फत ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात येतो. तिथून तो तहसीलदार, तलाठी, सरपंच आणि मच्छीमार संस्थांना कळवला जातो. बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. कागदावर ही साखळी पूर्ण आहे.

कायदा काय सांगतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार देशपातळीवर पंतप्रधान, राज्यात मुख्यमंत्री आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणांची तरतूद केली. मालवणला नगर परिषद आहे, देवबागला ग्रामपंचायत. दोन्ही या तरतुदीबाहेर राहतात.

कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि साधने सज्ज ठेवणे हे काम कायद्याचे कलम ४१ स्थानिक संस्थांवरच सोपवते. मात्र कायद्यातील आपत्ती निधी देश, राज्य आणि जिल्हा एवढ्याच पातळ्यांवर आहेत. म्हणजे जबाबदारी गावावर आणि तिजोरीची किल्ली वर!

पैसा कशासाठी?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के वाटा धोका आधीच कमी करण्यासाठी राखला. उरलेल्या ८० टक्क्यांपैकी बहुतांश आपत्तीनंतरचा प्रतिसाद, मदत आणि उभारणीसाठी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसाठी आधीचा रुपया अधिक मोलाचा आहे.

ओडिशाने काय केले?

१९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार जणांचा बळी गेला. २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना हलवले गेले आणि बळींची संख्या काही डझनांवर थांबली. दरम्यानच्या काळात निवारे बांधले गेले आणि ते गावातल्याच समित्यांच्या हाती दिले गेले. कोण कुणाला बाहेर काढणार, हे आधीच ठरलेले असे.

मालवणात काय हवे?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ असते. ती आधी रवाना झाली तरी प्रत्येक वाडीत पोहोचू शकत नाही. पहिले काही तास गावालाच निभवावे लागतात.

म्हणून प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीला स्वतःची लेखी योजना आणि स्वतः खर्च करता येईल असा निधी मिळायला हवा. समुद्रात कोणत्या होड्या आहेत, अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोणत्या घरात आहेत, निवाऱ्यासाठी उघडायच्या शाळेची किल्ली कुणाकडे आहे, रस्त्यावरचे झाड कोण कापणार, मोबाइल बंद पडल्यावर निरोप कसा जाणार, याची उत्तरे त्यात नावानिशी असावीत. तौक्ते मेच्या मध्यात आले, तेव्हा पावसाळी मासेमारी बंदी सुरूही झाली नव्हती. त्यामुळे रंगीत तालीम एप्रिलमध्येच व्हायला हवी.

इशारा देण्याचे काम दिल्ली आणि मुंबईने बऱ्यापैकी साधले आहे. तो ऐकल्यावर काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार आणि त्यासाठीचा पैसा गावाला देणे बाकी आहे.