चंद्रज्योतीच्या बिया आणि आमची पायी सहल

शाळेच्या पायी सहलीविषयी पालकांच्या तक्रारी आमच्याकडे दरवर्षी येतात. शब्द निराळे असले तरी त्यांचा आशय बहुधा एकच असतो : आम्ही उभा जन्म धुऱ्या-बांधावर काढला, लेकराच्या हाती तरी पुस्तक यावे म्हणून त्याला वसतिगृहात घातले, आणि तुम्ही त्याला पुन्हा काट्याकुट्यांत हिंडवता. त्यातही पहिली-दुसरीच्या मुलांना विषारी झाडे दाखवायची, हे तर अनेकांना अविचाराचेच वाटते. या तक्रारीमागचे दुःख आम्ही जाणतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या आयाही निंदणाला जाणाऱ्याच होत्या. तरीही या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची बाजू मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वसतिगृहातील तिसरीची चार मुले एकामागून एक ओकू लागली. पोटात कळा, जुलाब, पांढरेफटक पडलेले चेहरे. काय खाल्ले, असे विचारले तर एकही तोंड उघडेना. आवारातील पानफूल तोडल्यास शिक्षा, असा तेव्हा आमचा नियम होता. ती शिक्षा टाळण्यासाठी मुले गप्प राहिली. तासाभराने एकाच्या खिशात काळ्या बिया सापडल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या चंद्रज्योतीच्या होत्या. रुग्णालयात सलाईन लागले आणि दुसऱ्या दिवशी मुले सावरली. आम्ही मात्र सावरलो नाही, कारण ते कुंपण आमच्याच हातांनी लावलेले होते.

चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड, आपल्या भागात कुंपणाला सर्रास लावतात. फांदी रोवली की जगते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. मध्यंतरी तिच्या बियांपासून डिझेल काढण्याच्या गोष्टी सरकारदरबारी बोलल्या जात होत्या, तेव्हा तिचा मानही वाढला होता. गुरे जे ओळखतात ते मुलांना कोणी सांगितलेले नसते. फळ पिवळे होऊन वाळले की फुटते, आत काळ्या बिया, त्यांच्या पोटात पांढरा गर, चव शेंगदाण्यासारखी. महाराष्ट्रातील कुठल्या ना कुठल्या गावातून शाळकरी मुलांना चंद्रज्योतीच्या बियांनी विषबाधा झाल्याची बातमी अधूनमधून येतच असते. विष अरण्यात नसून शाळेच्या कुंपणावर असते, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

तेव्हापासून आम्ही शिक्षेचा नियम काढून टाकला आणि ओळख करून देण्यास आरंभ केला. लहानांपासूनच, कारण वस्तू तोंडात घालून पाहण्याचे वय तेच. शिवाय जितक्या बिया मोठा माणूस पचवून नेईल तितक्याच लहानग्या देहाला भारी पडतात. वर्षाला चार-पाच झाडे पुरेत. मात्र एकच झाड पावसाळ्यात, फुलावर, फळावर आणि वाळल्यावर, असे पुन्हा पुन्हा पाहायचे. हिरव्या वेलीवर गुंज कोणी ओळखत नाही. हिवाळ्यात शेंग उकलून काळ्या डोळ्याचे लाल दाणे दिसू लागले की मुले धावतात. एकेकाळी सोनाराच्या तराजूत बसणारा तो दाणा चावला तर जिवावर बेततो. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी तर आपण सारेच खेळलो आहोत. तिचे बी हृदयाची गती बिघडवते. धोत्र्याचे सांगताना थोडी अडचण येते. जे फळ देवाला वाहतात ते वाईट कसे, असा प्रश्न एखादे मूल विचारते, आणि प्रश्न रास्त असतो.

सर्वांत अवघड गोष्ट तरोट्याची. पावसाळ्यात कोवळ्या तरोट्याची भाजी वऱ्हाडात घरोघरी होते. त्याच पडीक जागेत कासविंदाही उगवतो, तशाच पिवळ्या फुलांचा. तरोट्याची पाने टोकाला गोलसर, बहुधा तीन जोड्यांची. कासविंद्याची टोकदार, जोड्या अधिक आणि चुरगाळली तर उग्र दर्प. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर आणि आसपासच्या जिल्ह्यांत लहान मुले पावसाळा सरता सरता गूढ आजाराने दगावत; बरीच वर्षे तो मेंदूज्वर समजला गेला. पुढे तेथील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण निघाले कासविंद्याच्या शेंगा, मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या.

हा फरक आम्हाला पुस्तकाने शिकवला नाही. एका विद्यार्थ्याच्या आईने तो बांधावर उभे राहून दाखवला. बिब्ब्याचे तेल अंगावर फोड उठवते आणि त्याच बिब्ब्यातून गोडंबी कशी काढतात, हेही तिलाच ठाऊक होते. शाळेत न गेलेल्या बाईच्या या जाणतेपणाला आपण विद्या म्हणत नाही, आणि तिचे मूल शिकले की सर्वांत आधी तेच विसरते. मातीत राबण्याची सक्ती वेगळी आणि मातीची ओळख वेगळी. पहिलीतून आपली मुले सुटलीच पाहिजेत. त्यासाठी दुसरी का गमवावी?

जीवकाची कथा आपल्या मुलांना पाठ असते. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला योजनभर परिसरात हिंडून औषध नसलेली एक तरी वनस्पती आणण्यास सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. कथा सांगताना आपण त्याच्या उत्तराचे कौतुक करतो, त्याआधीच्या पायपिटीचे करत नाही. सात वर्षांच्या विद्याभ्यासाची परीक्षा पायी चालूनच झाली होती.

प्रसंग ओढवलाच तर काय करावे, हे पालकांनीही ध्यानी ठेवावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि खाल्लेल्या झाडाची डहाळी वा बी सोबत न्यावी. डॉक्टरांचे निम्मे काम त्याने हलके होते. मुलाला मात्र त्या घडीला रागावू नये.

यंदाही दिवाळीनंतर लहान मुलांना वर्धेच्या काठाने कौंडण्यपूरच्या बाजूस नेणार आहोत. ज्या माता-पित्यांचा विरोध आहे त्यांनी सोबत यावे. दाखवण्यासारखे त्यांच्यापाशी आमच्याहून अधिक आहे. कुंपणाची चंद्रज्योत आम्ही उपटून टाकली, पण विहिरीकडची चार झाडे मुलांना ओळख पटावी म्हणून राखली आहेत. ती राखावीत की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही.