फुकटचं पाणी

मंडळी, नीरा उजव्या कालव्याचं पाणी फलटणला आपोआप येत नाही. कुणीतरी गाळ काढतं, दारं सांभाळतं. आम्हा आयटीवाल्यांना सॉफ्टवेअर मात्र आपोआप येतं असंच वाटतं!

एक्सझेड घ्या. सेव्हन-झिपचं एलझेडएमए तंत्र युनिक्सवर आणणारी कमांड-लाइन युटिलिटी. लासे कॉलिननं ती वर्षानुवर्षं सांभाळली. हा बिनपगारी छंद आहे, असं त्यानं २०२२ मध्ये सांगितलंही. उत्तरादाखल मिळाले टोमणे! मग मदतनीस म्हणून शिरलेल्या 'जिया तान'नं फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो जोडणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच. होता फक्त टारबॉलमध्ये, आणि जागा व्हायचा डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधताना. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंडनं खोदून पाहिलं, म्हणून २९ मार्चला जगाला कळलं.

तर पॅकेजिंग म्हणजे कारकुनी नव्हे, राखण आहे. आणि राखणदार उपाशी ठेवला की चोराचं फावतं. लायसन्सचे पैसे वाचले म्हणून खूश होणाऱ्या आपल्या मॅनेजरला सोमवारी एवढंच विचारा: आपण रोज वापरतो ते सांभाळतं कोण, आणि त्याला आपण देतो काय? पैसे नसतील तर निदान तुमचे दोन तास तरी?