विक्रांत, विराट आणि आमची विस्मृति

आरे-वाऱ्याच्या कड्यावरून समुद्राची शोभा वर्णन करणें सोपें. त्या समुद्राच्या रक्षकांची स्मृति जतन करणें कठीण. १९६१ सालीं नौदलांत दाखल झालेल्या ‘विक्रांत’नें १९७१ च्या डिसेंबरांत बंगालच्या उपसागरांतून चितगांव व कॉक्स बाजार यांवर आपलीं विमानें धाडलीं. १९९७ मध्यें निवृत्त झाल्यावर ही युद्धनौका मुंबईंत कांहीं वर्षें संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्यें तिच्यावर भंगारवाल्यांचे घण पडले. ‘विराट’ची कथा याहूनहि लाजिरवाणी. २०१८ सालीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें निवतीजवळ तिचें संग्रहालय करण्यास ८५२ कोटींच्या खर्चाची मंजुरी दिली. २०२० मध्यें ती तोडण्यासाठीं अलंगास गेली.

खर्च झेपत नाहीं, असें व्यवहारी लोक म्हणतील. लोखंड गंजतें, हें आम्हांसहि ठाऊक आहे. परंतु जें झेपत नाहीं त्याला मंजुरी कां द्यावी? सिंधुदुर्गाचा अभिमान मिरविणाऱ्या राज्याला आपल्या शब्दाचाहि कांहीं अभिमान असावा. ‘विक्रमादित्य’हि एक दिवस निवृत्त होईल. तिच्यासाठीं जागा, निधि व उत्तरदायी अधिकारी आजच ठरवावे. तें जमत नसेल, तर निरोपाच्या दिवशीं गौरवाचीं भाषणें तरी करूं नयेत.