गोधडीची शिवण आणि आपला व्यवहार

माण तालुक्यात गोधडीला वाकळ म्हणतात. दहिवडी-म्हसवडकडे पाऊस कमी, पण थंडीच्या रात्री कडक. त्यामुळे घरोघरी वाकळ असते आणि ती शिवणारे हातही असतात. शहरांतून हातशिलाईच्या गोधडीला मागणी येऊ लागली, तेव्हा आपल्यातले काही कापड व्यापारी या धंद्यात उतरले. मीही उतरलो. त्यात मला जो धडा मिळाला तो येथे मांडतो, कारण चूक माझी होती आणि भुर्दंड दुसऱ्याला पडला.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने चार गोधड्या परत पाठवल्या. पहिल्याच धुण्यात जोड उसवले होते, टाके सुटून दोरे लोंबत होते. मी शिवणाऱ्या मावशींचा मेहनताना कापला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, एक जोड कात्रीने उकलला आणि म्हणाल्या, "भाई, यातून सुई कुठून घालू, ते तुम्हीच दाखवा."

आत पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे होते. वरचा पदर मी शिंप्याकडून मशीनवर जोडून घेतला होता. त्याला मी घाई केली होती, म्हणून त्याने जोडांवर इस्त्री फिरवली नव्हती. शिवणीची माया कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे वळलेली. चार तुकडे मिळतात तेथे गाठ झालेली. कतरणही मी स्वस्त पडते म्हणून सुती आणि टेरिलीन मिसळून दिली होती. सुती आटले, टेरिलीन आटले नाही, आणि ताण जोडावर आला.

जुन्या वाकळेत हा प्रश्न नव्हता. तिच्यात लुगड्या-धोतरांचे थर अंथरून वर ठिगळ ठेवतात, त्याची कड नखाने दाबून आत दुमडतात आणि धावदोरा थेट सगळ्या थरांतून नेतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका 'कवंद' याच रीतीने शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत येतात. तेथे टाकाच ठिगळ धरून ठेवतो. आपण मात्र बाजारासाठी आधी तुकडे जोडून मग हातशिलाई करून घेतो. म्हणून जोड कसा दाबला, हा धंद्याचा मुद्दा झाला.

हिशेब सोपा आहे. वरचा पदर, मधला थर आणि अस्तर असे तीन पदर धरा. माया एका अंगाला दाबली की त्या बाजूला पाच पदर होतात, दुसऱ्या बाजूला तीनच राहतात. टाका तीन पदरांच्या बाजूने, जोडाला लागून घालावा. सुई सहज जाते आणि टाका सारखा पडतो. माया असलेल्या बाजूने ओळ न्यायचीच असेल, तर पाव इंच मायेच्या थोडी पलीकडून न्यावी. माया शक्यतो गडद रंगाच्या तुकड्याकडे वळवावी, म्हणजे फिक्या कापडातून तिची सावली दिसत नाही. शेजारच्या ओळींत ती उलट दिशांना वळवली, तर चौफुलीवर गाठ होत नाही. माया दोन्हीकडे उघडून दाबली, तर सारा भार नुसत्या दोऱ्यावर येतो. इस्त्री ठेवावी आणि उचलावी, ओढू नये. ओढल्याने तिरके कापलेले कापड ताणते आणि चौकोन वाकडा होतो. कोरे सुती कापड आधी भिजवून वाळवावे. थर हलू नयेत म्हणून प्रथम लांब कच्चे टाके घालावेत. पातळ मालाला इंचात पाच-सहा टाके बसतात. जाड वाकळेला चार बसले तरी पुष्कळ.

यातले बरेचसे मावशींना माझ्याआधी ठाऊक होते. मग बिघडले कोठे? आपण दर नगावर ठरवतो. गोधडीची लांबी-रुंदी मोजतो, पण उलटी करून पाहत नाही. ज्याला नगाचेच पैसे मिळतात, तो जोड दाबण्यात वेळ का घालवील? शिंप्याला दाबण्याचे वेगळे पैसे नाहीत, मावशींना बारीक टाक्याचे वेगळे पैसे नाहीत आणि धुण्यात उसवले की दोष मात्र हाताचा. हा व्यवहार सरळ नाही. मालातला ऐब सांगून विकावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग जो ऐब आपल्याच कतरणीने आणि घाईने आला, त्याची किंमत कारागिराकडून कशी वसूल करायची?

मी कापलेले पैसे परत केले. आता जोड दाबण्याची मजुरी वेगळी देतो आणि शिलाईचा दर टाक्याच्या ओळींवर ठरवतो. सुती आणि टेरिलीनचे गठ्ठे वेगळे ठेवतो. शिवण्याआधी मावशी वरचा पदर उलटा करून पाहतात. जोड नीट दाबलेले नसतील तर परत पाठवण्याचा हक्क त्यांचा. खर्च वाढला, पण परत येणारा माल जवळजवळ थांबला.

शिवणाऱ्या बायकांनाही एक सांगणे आहे. शक्य असेल तेथे कापड स्वतः निवडा. म्हसवडला 1997 पासून माणदेशी महिला सहकारी बँक आहे. बायकांना आपल्या नावाने व्यवहार करता यावा म्हणूनच ती निघाली. कापड स्वतःचे असले, की मालाचा भाव सांगताना आवाजही स्वतःचा राहतो.

आणि व्यापारी बंधूंनो, पुढची गोधडी हातात येईल तेव्हा भाव करण्याआधी तिची पाठ पाहा. टाके वाकडे दिसले, तर आपण कापड काय दिले होते आणि मजुरी किती दिली होती, तेही आठवून पाहा.