शिधापत्रिकेवर एक घर, दत्तकाच्या अर्जावर दोन

मूल व्हावे म्हणून नवस बोलायला अक्कलकोटला जाणाऱ्यांची रीघ वर्षभर असते. स्वामी समर्थांच्या दर्शनाच्या रांगेत ताटकळणाऱ्या या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की ज्या गावी आपण आलो तिथले राजघराणेच मुळी दुसऱ्याच्या पोटच्या मुलापासून सुरू झाले. 1707 साली मोगलांच्या कैदेतून सुटून परतणाऱ्या सातारच्या छत्रपती शाहूंना पारद गावी विरोध झाला. चकमकीत गावचा लोखंडे पाटील पडला आणि त्याच्या बायकोने आपले लेकरू शाहूंच्या पायांवर घातले. शाहूंनी ते उचलले. विजयाची खूण म्हणून त्याचे नाव ठेवले फत्तेसिंह, आडनाव दिले भोसले. त्याला आईच्या मायेने वाढवले विरूबाईने. ही विरूबाई शाहूंची लग्नाची राणी नव्हती.

केंद्रीय दत्तक प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, नोव्हेंबर हा दत्तक जागृतीचा महिना म्हणून पाळते. तेव्हा विचारायला हरकत नाही: शाहू आणि विरूबाई आज काराच्या संकेतस्थळावर अर्ज भरायला बसले असते, तर काय झाले असते? जोडपे म्हणून अर्ज पुढेच सरकला नसता. 2022 च्या दत्तक नियमावलीतील नियम 5(3) म्हणतो, की किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असल्याखेरीज जोडप्याला मूल दत्तक देता येणार नाही. ज्यांना आपल्या देशात लग्नच करता येत नाही, त्या समलिंगी जोडप्यांची वाट तिथेच अडते.

वाट अडते म्हणजे पूर्ण बंद होते असे नाही, आणि गंमत इथेच आहे. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी, कोणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, मुलगा मिळतो. म्हणजे सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एखाद्या फ्लॅटमध्ये दोघी दहा वर्षे एकत्र राहत असतील, तर त्यांतल्या एकीने ‘एकल’ म्हणून अर्ज करायचा. समाजसेविका गृहभेटीला येणार, मिळकतीचे कागद तपासणार, मूल कुठे झोपेल ते पाहणार. दुसरीने त्या वेळी कोण म्हणून चहा आणून द्यायचा? मैत्रीण, भाडेकरू, की लांबची बहीण?

मूल घरी आल्यावर ही नाटकबाजी संपत नाही. रात्री अडीचला ताप चढला तर थर्मामीटर दोघीही शोधतील, पण शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही एकीचीच चालेल. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावायचे ठरवले. निर्णय चांगलाच आहे, उशिरा का होईना आई कागदावर आली. पण या घरातल्या दुसऱ्या आईला त्या चौकटीत जागा नाही. दत्तक घेणारी उद्या अपघातात गेली, तर राहिलेली बाई कायद्याच्या लेखी मुलाची कोणीही नाही. ज्या मुलाला एकदा घर सुटण्याचा अनुभव आहे, त्याच्यावर ती वेळ पुन्हा येऊ शकते.

दवाखान्याची वाट धरली तरी तेच. 2021 च्या सहायक प्रजनन कायद्यानुसार 21 ते 50 वयाची एकटी बाई दात्याच्या शुक्राणूंच्या मदतीने आई होऊ शकते. तिची जोडीदारीण पुन्हा दाराबाहेर. सरोगसी तर तिच्या वेगळ्या कायद्यानुसार विवाहित जोडप्यांपुरती आणि 35 ते 45 वयाच्या विधवा किंवा घटस्फोटितेपुरती. दोन पुरुषांना दोन्ही कायद्यांत फटही नाही. एकेकाळी आपलीच मुंबई परदेशी समलिंगी जोडप्यांच्या कुशीत सरोगसीतून बाळे देत होती. इथल्यांनी मागितले, तेव्हा दुकान बंद झाले होते.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क एकमताने नाकारला. दत्तकाच्या प्रश्नावर मात्र 3-2 अशी फूट पडली. अविवाहित जोडपे चांगले पालक होऊ शकत नाही याला पुरावा काय, असा तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचा सवाल होता, न्या. कौल त्यांच्यासोबत होते. नियम बहुमताने टिकला, आणि 9 जानेवारी 2025 ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. बहुमताचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही: लग्न मोडले तर पोटगी, ताबा, वारसा यांचे कायदे मुलाच्या पाठीशी उभे राहतात, बिनलग्नाच्या जोडप्यात ते कवच कुठून आणायचे? पण कवच नसेल तर ते घडवायचे, की मुलालाच एका पालकावर भागवायला लावायचे? अशा घरांतली मुले आज आहेतच, आणि त्यांना सगळे लाभ मिळायला हवेत, हे बहुमतातल्या न्या. भट यांनीही त्याच निकालात लिहिले आहे.

मुले थोडी, मागणारे फार, त्यात ही भर कशाला, असेही म्हणतात. 2024-25 मध्ये देशात 4,515 मुले दत्तक गेली. रांगेत उभे पालक तीस हजारांच्या वर. खरे आहे. पण ती रांग तान्ह्या, धडधाकट बाळांसाठी आहे. आठ-नऊ वर्षांच्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलासाठी रांग लागत नाही. तिथे मूलच वाट पाहत बसते. अशाच, कोणाला नको असलेल्या मुलांसाठी सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात 1875 साली लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनी पुढाकार घेतला आणि प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला, पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेलेला. विधवांची, टाकलेली, लोकांनी ‘पापाची’ ठरवलेली लेकरे तिथे जगली. त्या काळच्या पंढरपुरात हे पचले, हे आजच्या सोलापूरकरांनी थोडे आठवावे.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनेच स्पष्ट केले, की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले मानावे. गहू-तांदळापुरते ते एक घर झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, ऑगस्ट 2022 मध्ये, भाजपचे सुशील मोदी अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने दत्तकासाठी एकच सर्वसमावेशक कायदा करा आणि त्यात समलिंगी समुदायालाही घ्या, अशी शिफारस केली होती. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हाधिकारीच देतात. म्हणजे सोलापुरात अशी एखादी फाइल निघाली, तर सही इथेच होणार. आत बोलावणे एकीला येईल, आणि दुसरी बाहेरच्या बाकावर दुधाची बाटली सांभाळत बसेल.